मागे गाडी नसलेला रस्ता

दवाखान्यात महिन्यातून दोन-तीनदा तरी हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. विचारणारे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले असतात. रिपोर्टची फाइल बगलेत असते. तपासून झालेले असते, गोळ्या लिहून झालेल्या असतात. दारापर्यंत जाऊन ते परत वळतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "मॅडम, रेड वाइन थोडी थोडी घेतली तर हार्टला चांगली असते म्हणतात. खरं का?"

या प्रश्नाचे उत्तर मी आजवर एका शब्दात देत आले. आज जरा सविस्तर देणार आहे. कारण २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस, ही वाइन जिथे तयार होते त्या फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात मी चार दिवस होते, आणि हृदयाला चांगली अशी एक गोष्ट मला तिथे खरोखरच पाहायला मिळाली. मात्र ती बाटलीत भरून मिळत नाही.

त्याआधी थोडे घरचे सांगावे लागेल. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. दोन स्टेंट बसले. माणूस मूळचा काटक. पंचवीस वर्षे रोज सात किलोमीटर सायकल मारत शाळेत गेलेला. पुढे तो रस्ता रुंद झाला, ट्रक-डंपर वाढले आणि एका संध्याकाळी एका डंपरने मागून येऊन कोपराला असे काही घासले की हे सायकलसकट चारीत. हाड मोडले नाही एवढेच नशीब. सायकल परसात गेली ती गेलीच. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत व्यायाम म्हणजे निवृत्त मंडळींचा कट्टा आणि तिथवरची शंभर पावले. मग वजन, मग रक्तदाब, मग साखर आणि शेवटी स्टेंट. हा क्रम वाचकांच्या ओळखीचा आहे.

अँजिओप्लास्टी उत्तम झाली. तीन महिन्यांनी केलेली स्ट्रेस टेस्टही चांगली आली. हृदयरोगतज्ज्ञांनी पाठीवर थाप मारून सांगितले, "सर, आता रोज चाला." पण हे फाटकापर्यंत जायचे, मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायचे आणि परत फिरायचे. "आज जरा धडधडतंय." एवढ्या पेशंटना मी चालायला लावले, पण घरातला एक मला दाद देत नव्हता!

यात हसण्यासारखे काही नाही. हृदयविकारातून उठलेल्या अनेकांना ही भीती घेरते. हृदय दुरुस्त झालेले असते, पण माणसाचा त्याच्यावरचा विश्वास उडालेला असतो. जिना चढताना लागणारी साधी धापसुद्धा झटक्याची चाहूल वाटते. मग माणूस हालचाल कमी करतो, हालचाल कमी झाली की स्नायू ढिले पडतात, थोड्याशा श्रमानेही दम लागतो आणि दम लागला की भीती आणखी वाढते. एकेकाळी तर डॉक्टरच अशा रोग्याला सहा-सहा आठवडे पलंगावरून उतरू देत नसत. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे बोस्टनचे डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी विश्रांतीच्या या अतिरेकाला विरोध केला आणि व्यायामाचा जाहीर पुरस्कार केला. हे डॉक्टर स्वतः सायकलवेडे होते. बोस्टनमध्ये चार्ल्स नदीच्या काठाने जाणाऱ्या सायकलमार्गाला आज त्यांचे नाव आहे.

ही सगळी माहिती मी ह्यांना ऐकवलेली होती. उपयोग शून्य.

व्वा व्हेर्त

आमची लेक नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये लिऑन शहरात असते. आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा तिने सायकलींचा बेत आम्हाला विचारून केला नव्हता, करून मग सांगितला. "बाबा, चव्वेचाळीस किलोमीटर आहे, दोन दिवसांत करायचं. कंटाळा आला तर हे गाडी घेऊन येतील." 'हे' म्हणजे आमचे जावई. ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी सायकल कसली, रस्ता कसा, चढ किती, असे चार प्रश्न विचारले आणि होकार दिला. वाचकांनी हा फोन विसरू नये. तो टाळून असले बेत करायचे नसतात.

लिऑनच्या उत्तरेला शालाँ म्हणून गाव आहे. त्याच्याजवळ झिव्री हे द्राक्षमळ्यांचे लहानसे गाव, आणि तिथून दक्षिणेला क्लुनी. या दोन गावांना जोडणारी जुनी रेल्वे होती. मोटारी वाढल्या, उतारू घटले, गाड्या बंद झाल्या आणि पुढे रूळही निघाले. उरली ती नुसती मातीची पट्टी. १९९७ साली सोन-ए-ल्वार या जिल्ह्याने त्या पट्टीवर डांबर टाकून चालणारे, सायकलवाले आणि चाकांचे बूट घालून घसरणारे यांच्यासाठी ती खुली केली. मोटारींना आणि मोटरसायकलींना मज्जाव. अशा वाटेला फ्रेंच लोक 'व्वा व्हेर्त' म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. (उच्चार थेट आपल्या 'व्वा!'सारखा, हे ऐकून हे पहिल्यांदा हसले.) झिव्री ते क्लुनी ही फ्रान्समधली पहिली व्वा व्हेर्त म्हणून ओळखली जाते. २००४ साली तर फ्रान्सच्या वाहतूक नियमांतच अशा वाटेची व्याख्या आली आणि तिच्यासाठी वेगळी पाटी ठरली. आज त्या देशात असे हजारो किलोमीटरचे मार्ग झाले आहेत.

रेल्वेच्या वाटेचा एक मोठा गुण आहे आणि तो हृदयाच्या व गुडघ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. आगगाडीला खडा चढ चढता येत नाही. त्यामुळे रूळ टाकणाऱ्या इंजिनिअरांनी टेकडी आली की खोदून वाट काढलेली असते आणि खोलगट भाग आला की भर घातलेली असते. शंभर मीटर पुढे जावे तेव्हा जेमतेम एक-दोन मीटर चढ. शंभर वर्षांपूर्वी वाफेच्या इंजिनासाठी केलेली ही सोय आज साठीच्या माणसाच्या कामी येते. आजूबाजूला टेकड्याच टेकड्या, त्यांच्या उतारांवर मळे, आणि आपण मात्र सपाटीवरून चाललो आहोत. दम लागतो तो बोलता येईल इतपतच.

पहिला किलोमीटर मी कधी विसरणार नाही. हे सायकलवर बसले, पाय जमिनीवर रेटत दोन-चार हिसके घेतले आणि निघाले. सवय मोडलेली नव्हती, हात-पायांना सगळे आठवत होते. पण दर वीस-पंचवीस पेडलांनंतर यांची मान उजवीकडून मागे वळायची. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. सायकल त्यामुळे वाकडी जायची. शेवटी लेक ओरडली, "बाबा, मागे काय बघताय? इथे मागून काहीच येत नाही!"

ते खरेच होते. मागे दूरवर सरळ पट्टी, दोन्ही बाजूंना झाडी आणि त्यापलीकडे मळे. आवाज म्हणाल तर आपल्याच टायरचा. कुठे गावरस्ता आडवा आला की तिथे खांब रोवलेले आणि थांबण्याची पाटी, तेवढेच काय ते मोटारीचे दर्शन. ब्युसी नावाचे पुढचे गाव येईपर्यंत मान वळणे बंद झाले होते. आठ-दहा किलोमीटर झाले होते आणि त्यात त्यांनी एकदाही नाडी मोजली नव्हती. ते मोजायला विसरले होते! मीच थांबवून मोजली. छप्पन्न वर्षांची डॉक्टरीण द्राक्षमळ्याच्या कडेला नवऱ्याचे मनगट धरून घड्याळ बघते आहे, हे पाहून बाजूने जाणाऱ्या दोघी-तिघींनी काळजीने वेग कमी केला. नाडी शहाण्णव. उत्तम.

एकोणऐंशी वर्षांच्या बाई

ब्युसीच्या पुढे एका बाकावर एक आजी बसल्या होत्या. शेजारी बॅटरीवर जोर मिळणारी सायकल, पुढच्या टोपलीत लांबुडका पाव आणि पातीचा कांदा असावा तशी भाजी. लेकीने नमस्कार-चमत्कार केला. बोलण्यात कळले की आजी एकोणऐंशी वर्षांच्या, रोज या वाटेने शेजारच्या गावी जाऊन येतात. ह्यांनी लगेच लेकीला दुभाषी केले. "त्यांना विचार, हार्टचं काही?" मला अगदी ओशाळल्यासारखे झाले. आजींना मात्र प्रश्न पसंत पडला. त्यांनी बोटांवर मोजत आपल्या गोळ्या सांगितल्या. ह्यांनी आपल्या सांगितल्या. दोघांच्या यादीत रक्त पातळ ठेवणारी एक गोळी सारखीच निघाली. यानंतर दोघांचे जे काही जमले त्याला भाषेची गरज उरली नाही.

मला त्या आजींपेक्षा त्या वाटेवरच्या गर्दीचे नवल वाटले. सायकलचे घट्ट कपडे घातलेले शर्यतवीर होते, पण थोडे. बाकी सगळी घरगुती मंडळी. पोरांना मागे गाडीत बसवून ओढणारे बाप, काठी टेकत फिरणारे आजोबा, चाकाच्या खुर्चीतली एक तरुण मुलगी. बारा वर्षांखालच्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर हेल्मेट, कारण २०१७ पासून तिथे तसा कायदाच आहे. या लोकांच्या अंगात आपल्यापेक्षा जास्त मनोनिग्रह असतो असे मला नाही वाटत. आपल्याकडे आम्ही डॉक्टर पेशंटला "इच्छाशक्ती ठेवा" म्हणून मोकळे होतो. इच्छाशक्ती ठेवून माणूस बाहेर पडतो आणि पहिल्याच चौकात कर्कश हॉर्न त्याला घरी पाठवतो, याचा आम्ही विचार करत नाही.

सायकलचा फायदा किती, याबद्दल डेन्मार्कमधला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. कोपनहेगन परिसरातल्या सुमारे तीस हजार स्त्री-पुरुषांची माहिती त्यात अनेक वर्षे घेतलेली होती. कामावर सायकलने न जाणाऱ्यांमधला मृत्यूदर सायकलने जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी जास्त निघाला, तोही इतर व्यायाम, धूम्रपान वगैरे गोष्टींचा हिशेब वजा करून. मुळात धडधाकट माणसेच सायकलवर बसतात, हा आक्षेप अशा अभ्यासांवर घेता येतो आणि तो मोडीत काढता येत नाही. पण आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आता वाइनचे

ब्युसी हे वाइनचे गाव. तिथल्या शेतकऱ्यांनी १९३१ साली सहकारी तत्त्वावर काढलेला वाइनचा कारखाना आजही चालू आहे. आपल्या साखर कारखान्यांच्या मुलखातल्या माणसाला 'सभासद', 'माल घालणे' ही भाषा तिथे अगदी ओळखीची वाटते. चाखण्याच्या खोलीत गेलो. पेल्यात घोटभर ओततात, लोक वास घेतात, तोंडात घोळवतात आणि बाजूच्या भांड्यात चक्क थुंकून टाकतात. जाणकार दिवसाला कितीतरी वाइन चाखतात आणि फारशी गिळतच नाहीत. हे भांडे पाहून ह्यांना फार समाधान झाले. "म्हणजे त्यांनाही माहीत आहे तर!"

'रेड वाइन हृदयाला चांगली' हा समज आला कुठून? फ्रेंच माणूस लोणी, चीज भरपूर खातो, तरी त्याच्यात हृदयविकार त्या मानाने कमी, असे आकडे होते. १९९१ साली अमेरिकन टीव्हीवरच्या एका गाजलेल्या कार्यक्रमात याचे श्रेय रेड वाइनला दिले गेले. अमेरिकेत रेड वाइनचा खप एकदम वाढला आणि ती बातमी फिरत फिरत आपल्या कट्ट्यांवर आली. पुढे संशोधन वाढले तसा हा डोलारा खचत गेला. बेताने पिणारे लोक बहुधा सुस्थितीतले, नीट जेवणारे, हिंडणारे-फिरणारे असतात आणि न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले होते, हे ध्यानात आले. द्राक्षाच्या सालीतल्या ज्या द्रव्याचा एवढा बोलबाला झाला ते वाइनमध्ये इतके थोडे असते की औषध म्हणून त्याचा हिशेबच लागत नाही. उलट दारू कर्करोगाला कारण होते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच नोंदवले आहे, आणि दारूचे अमुक प्रमाण सुरक्षित असे काही नाही, हे संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट शब्दांत सांगितले. खुद्द फ्रान्समध्ये १९९१ च्या कायद्याने दारूच्या जाहिरातीवर आरोग्याचा इशारा छापावा लागतो. तेव्हा दारापाशी परत वळणाऱ्या मंडळींना माझे उत्तर तेच आहे: नाही. ज्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांना तर दोनदा नाही, कारण दारूने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणि सायकलवर तर नाहीच. दारू पिऊन मोटार चालवण्याची फ्रान्समधली मर्यादा, म्हणजे रक्ताच्या एका लिटरमागे अर्धा ग्रॅम, सायकलस्वारालाही लागू आहे. पण कायद्याच्या कितीतरी आधी हे सांगणारा एक फ्रेंच माणूस होऊन गेला. पॉल द व्हिव्ही त्याचे नाव. लोक त्याला 'व्हेलोसिओ' म्हणत. लिऑनजवळच्या सेंट-एतिएनचा हा गृहस्थ १८५३ ते १९३० या काळात जगला आणि सायकलवरून दूरदूर हिंडत लोकांना सायकलीचे नियम शिकवत राहिला. भूक लागण्याआधी थोडे खा, तहान लागण्याआधी पाणी प्या, थकून कोसळेपर्यंत कधी जाऊ नका, आणि वाटेत वाइन, मांस व तंबाखू वर्ज्य करा, असा त्याच्या शिकवणीचा मथितार्थ. मधुमेही माणसाच्या फायलीवर मी आज जे लिहून देते त्यात आणि यात फारसा फरक नाही. एवढ्या सावध माणसाचा शेवट मात्र गावातल्या रहदारीत, ट्रॅमच्या धक्क्याने झाला.

मळे आणि फवारणी

नाशिक, सांगली, तासगावकडचे वाचक विचारतील, तिथली द्राक्षबाग कशी असते? मांडव नाही. वेल कमरेएवढी ठेंगणी, तारेला बांधलेली, आणि इतकी दाट की एका हेक्टरमध्ये दहा हजारांच्या आसपास वेली. दोन रांगांत ट्रॅक्टर शिरत नाही, म्हणून उंच पायांचा ट्रॅक्टर रांगेच्या वरून, वेल पोटाखाली घेऊन जातो. काढणी जवळजवळ उरकली होती. २०२४ साल तिथे पावसाने वाईट गेले, केवड्याने बागा धुऊन नेल्या आणि माल फार थोडा हाती आला. केवडा, भुरी हे शब्द मी उच्चारले तेव्हा लेकीला फ्रेंचमध्ये सांगता येईनात. पण बोर्डो मिश्रण म्हणताच समोरच्या शेतकऱ्याने जोरात मान हलवली. मोरचूद आणि चुन्याचे हे मिश्रण १८८० च्या दशकात फ्रान्सच्या बोर्डो भागातच निघाले. आपल्याकडे ते आजही त्याच नावाने फवारतात.

आरोग्याच्या पानावर मळ्यांचे नुसते कौतुक करून चालणार नाही. मळा हिरवा दिसतो म्हणून तिथली हवा नेहमीच निर्मळ असते असे नाही. उन्हाळ्यात फवारण्या चालू असताना तिथून जाणे बरे नव्हे. ट्रॅक्टरमागे धुके दिसले तर थांबावे, वाऱ्याची दिशा पाहावी. फळ तोडून न धुता तोंडात टाकू नये. (ते दुसऱ्याचेही असते!) खरा धोका अर्थात वाटसरूला नसून फवारणाऱ्याला आहे. कीटकनाशकांशी वर्षानुवर्षे संबंध आलेल्या शेतकऱ्यांना होणारा पार्किन्सन म्हणजे कंपवात हा फ्रान्सने २०१२ साली व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. आपल्याकडच्या बागाईतदारांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, आणि तोंडाला रुमाल बांधणे म्हणजे संरक्षण नव्हे हेही ध्यानात घ्यावे.

दुसरा दिवस

सँ-जाँगू नावाच्या जुन्या दगडी गावात रात्र काढली. मला भीती होती की सकाळी हे "अंग दुखतंय" म्हणतील. म्हणाले, पण दुखणे हृदयाचे नव्हते, बसण्याच्या जागेचे होते. हे दुखणे प्रामाणिक, आणि त्यावर उपाय आहेत. सीट फार मऊ नको, मागून-पुढून सपाट हवी. मधूनमधून दांडीवरचे हात बदलावेत, नाहीतर करंगळीला मुंग्या येतात. सीटची उंची सर्वांत महत्त्वाची. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाच्या पुढच्या भागाने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. आपल्याकडे सीट बहुतेकांची खाली असते, आणि मग "सायकलने गुडघे गेले" अशी तक्रार येते. शरीराचा भार सीट पेलत असल्यामुळे झिजलेल्या गुडघ्यांना सायकल हा खरे तर चालण्यापेक्षा सोसणारा व्यायाम आहे.

दुसरी गोष्ट गिअरची. आपल्या पिढीची काळी सायकल बिनगिअरची, त्यामुळे गिअर हे पोरांचे खूळ असे वाटते. गंमत म्हणजे फ्रान्समध्येही एकेकाळी असेच वाटत होते. तिथल्या जगप्रसिद्ध 'टूर द फ्रान्स' शर्यतीत साखळी बदलणारे गिअर १९३७ पर्यंत चालतच नसत. त्या वर्षी परवानगी मिळाली आणि रोजे लापेबी हा खेळाडू ते वापरून जिंकला. बोर्डोजवळच्या द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या अशाच एका जुन्या रेल्वेवाटेला आज त्याचे नाव दिलेले आहे. शर्यतवीराने वापरले ते हृदयरोग्याने का वापरू नये? हलका गिअर लावावा, पाय भरभर फिरू द्यावेत. जड गिअरवर कण्हत जोर लावला की रक्तदाब उसळतो आणि गुडघे कुरकुरतात.

कोर्मातँचा जुना वाडा आणि त्याची बाग पाहिली. तेझे नावाच्या खेड्यातल्या मठाजवळून जाताना जगभरातून आलेल्या तरुण पोरांचे घोळके दिसले. दुपारी क्लुनीला पोचलो. इसवी सन ९१० मध्ये स्थापन झालेला इथला मठ एकेकाळी युरोपभर मान्यता पावलेला. त्याच्या प्रचंड चर्चचा फ्रेंच राज्यक्रांतीनंतर दगडांसाठी लिलाव झाला. आता एक-दोन मनोरे आणि भिंती उरल्या आहेत. हे त्या मनोऱ्याखाली बसून सफरचंद खात होते. म्हणाले, "पुढे वाट आहे म्हणे. माकाँच्या दिशेला दीड किलोमीटरहून लांब बोगदा आहे. थंडीत वटवाघळांसाठी बंद ठेवतात, पण आत्ता उघडा आहे." ही चौकशी त्यांनी कधी केली मला कळलेही नाही. बोगद्याला मी नाही म्हटले. चव्वेचाळीस किलोमीटर पुष्कळ झाले.

ज्यांना हे वाचून परसातली सायकल आठवेल त्यांच्यासाठी थोडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम व्यायाम प्रौढांना पुरतो. सुरुवात दहा-पंधरा मिनिटांनी करावी. सायकल चालवताना बोलता यावे, गाता येऊ नये, एवढाच जोर. छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले की थांबायचे. घर जवळ आले म्हणून पुढे जायचे नाही. डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी घरच्या कपाटात नव्हे, खिशात हवी. इन्शुलिन किंवा साखर झटकन उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी. आणि भगिनींसाठी एक खुलासा: सायकलने हृदय व स्नायू सुधारतात, पण हाडांवर भार येत नसल्याने हाडांचा ठिसूळपणा काही कमी होत नाही. त्यासाठी चालणे आणि थोडे वजन उचलणे हवेच.

बोनचा दवाखाना

परतण्याआधी एक दिवस बोन या गावी गेलो. तिथून सांतनेपर्यंत वीस-बावीस किलोमीटर मळ्यांमधून सायकलची वाट आहे, पण त्या शेतरस्त्यांवर बागाईतदारांचे ट्रॅक्टर येतात. हे तीन किलोमीटरवरच्या पोमारपर्यंत जाऊन आले, तेही लेकीबरोबर. मी गेले नाही. मला दवाखाना पाहायचा होता.

१४४३ साली निकोला रोलँ या दिवाणाने आणि त्याची बायको गिगोन हिने गोरगरिबांसाठी हे इस्पितळ बांधले. १९७१ पर्यंत तिथे रोग्यांवर उपचार होत होते. लांबलचक दालन, दोन्ही भिंतींना लाल पडद्यांचे पलंग, आणि टोकाला प्रार्थनेची जागा, म्हणजे रोग्याला पलंगावरूनच प्रार्थनेत भाग घेता यावा. शतकानुशतके लोकांनी या इस्पितळाला द्राक्षमळे दान केले. त्या मळ्यांच्या वाइनचा १८५९ पासून दर नोव्हेंबरात लिलाव होतो आणि पैसा इस्पितळाच्या कामाला लागतो. नवे इस्पितळ आता दुसऱ्या इमारतीत आहे. वाइनने रोग्याचे भले झाल्याचा माझ्या पाहण्यातला हा एकच दाखला. दालनाच्या मधोमध उभी राहून मी पलंग मोजत होते तेवढ्यात हे आले, कपाळावर घाम, चेहरा लाल. माझा हात आपोआप त्यांच्या मनगटाकडे गेला. त्यांनी तो बाजूला केला. "जाऊ दे गं. मोजलीय मी."

घरी परतल्यावर परसातली सायकल दुकानात गेली. दोन्ही टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, साखळी बदलून आणि सीट चार बोटे वर करून आली. आता हे पहाटे साडेपाचला कॅनॉलच्या कडेच्या मुरमाच्या वाटेने जातात. पुलापर्यंत पाच किलोमीटर, परत पाच. अलीकडे कट्ट्यावरचे आणखी दोघे सोबत असतात. वाट मोटारींसाठी नाही, पण वाळूचे ट्रॅक्टर आणि मोटरसायकलवाले तिथून घुसतात. त्यामुळे इथे त्यांची मान अजून दर वीस-पंचवीस पेडलांनंतर मागे वळते.